पुढच्या शिक्षणाचा लॅपटॉप : बैलाचे दात पाहतो तसा पाहून घ्या

या पानावर एरवी आपण बियाणे, खते, फवारणी यांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण त्याचा खर्च कपाशी, मका आणि अद्रकीच्याच पैशातून होणार आहे, म्हणून तो इथे घेतला.

आपल्या खुलताबाद तालुक्यातली मुले-मुली आता पदवीवर थांबत नाहीत. कोणी छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी.ला जाते, कोणी परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, कोणी राहुरीला. प्रवेश झाला, की पहिल्या महिन्यात घरी फोन येतो, "लॅपटॉप लागतो." मग बाप विचारतो, "किती लागतील?" पोरगं सांगतं, "साठ हजार." शेजारचा म्हणतो, "पंचवीस हजारात येतो." आणि दुकानदार म्हणतो, "काहीच भरू नका, हप्ता बांधून देतो."

या तिघांत खरे कोण? खरे सांगायचे तर कोणीच नाही. किती लागतील ते कामावर ठरते. विहिरीची खोली आणि पाण्याची धार न पाहता मोटार घेतली तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आधी काम विचारा, मग किंमत

मुलाला किंवा मुलीला पहिला प्रश्न हा विचारा : दोन वर्षांत तू यावर नेमके काय करणार? पदव्युत्तर शिक्षणातल्या कामाचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट लिहिण्या-वाचण्याचा. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य, कायदा. यात वाचायचे, टिपणे काढायची, प्रबंध टाईप करायचा. या कामाला फार ताकदीचे यंत्र लागत नाही. चांगला पडदा आणि चांगला कीबोर्ड मात्र लागतो, कारण रोज पाच-सहा तास त्यासमोर बसायचे असते.

दुसरा गट आकडेमोडीचा. एम.एस्सी. कृषी, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, एम.बी.ए. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. कृषीच्या विद्यार्थ्याचा साधा प्रयोग घ्या. ८ उपचार, ३ पुनरावृत्ती आणि प्रत्येक वाफ्यातली ५ झाडे, म्हणजे १२० झाडे झाली. प्रत्येक झाडाच्या १० नोंदी धरल्या तरी १,२०० आकडे. एवढे आकडे साधा लॅपटॉपही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सोडवतो. त्यासाठीचे 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. हिसारच्या कृषी विद्यापीठाचे 'ऑपस्टॅट' आणि गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे 'वास्प' इंटरनेटवर चालतात. यासाठी साठ हजारांचे यंत्र लागते असे कोणी म्हणाले तर त्याला हा हिशोब दाखवा.

तिसरा गट खरोखर जड कामाचा. अभियांत्रिकीची रेखाटने, यंत्रांचे आराखडे, संगणकशास्त्र आणि उपग्रह छायाचित्रांवरून पिकांचा अभ्यास. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या छायाचित्राचा एक तुकडा साधारण ११० किलोमीटर लांब-रुंद मुलखाचा असतो आणि तेवढ्या एका तुकड्याची फाईल काही शे एमबीची भरते. हंगामभराचे असे वीस तुकडे उघडायचे म्हटले तर लहान यंत्र धापा टाकते. या गटातल्या विद्यार्थ्याचे जास्तीचे मागणे हट्ट समजू नका.

गट ठरला, की मार्गदर्शक प्राध्यापकांना विचारून एक कागद आणायला सांगा : कोणती सॉफ्टवेअर लागतील, विभागाच्या प्रयोगशाळेत कोणती उपलब्ध आहेत. जड काम प्रयोगशाळेतल्या संगणकावर होत असेल तर घरच्या लॅपटॉपवर दहा-वीस हजार जादा घालायचे कारण उरत नाही.

दुकानातल्या शब्दांचा आपल्या भाषेत अर्थ

दुकानदार चार शब्द फेकतो आणि आपण मान हलवतो. ते शब्द एकदा समजून घ्या.

प्रोसेसर म्हणजे मोटारीची एचपी. रॅम म्हणजे खळे. खळे मोठे असेल तर एका वेळी जास्त पेंढ्या पसरता येतात, लहान असेल तर थोड्या-थोड्या आणाव्या लागतात आणि काम रेंगाळते. एसएसडी म्हणजे कोठार, तिथे माल कायमचा राहतो. आता पाच एचपीची मोटार घेतली आणि पाईप दीड इंची जोडला, तर पाणी किती येणार? भारी प्रोसेसर आणि तोकडी रॅम असा लॅपटॉप घेणे त्यातलेच.

रॅम ८ जीबीच्या खाली घेऊ नका. पहिल्या गटाला ८ पुरते, दुसऱ्याला ८ चालते पण पुढे वाढवता आली पाहिजे, तिसऱ्याला १६ हवीच. म्हणून दुकानात एक प्रश्न हमखास विचारा : "रॅम वाढवायला जागा आहे का, की बोर्डावर डकवलेली आहे?" डकवलेली असेल तर जन्मभर तेवढीच. २०२५ च्या शेवटापासून जगभर मेमरी चिपांचे भाव चढले, त्यामुळे १६ जीबीचे यंत्र पूर्वीपेक्षा महाग पडते. आज ८ जीबी घेऊन भाव उतरल्यावर वाढवायची, हा मार्ग जागा असेल तरच उघडा राहतो.

कोठार ५१२ जीबीचे एसएसडी असावे. स्वस्त यंत्रात 'ईएमएमसी' नावाचे ६४ किंवा १२८ जीबीचे कोठार असते. ते हळू चालते आणि लवकर भरते, त्याला हात लावू नका. जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्कच फक्त असेल तर तेही यंत्र सोडा.

प्रोसेसरच्या नावात फसगत जास्त. 'आय-५' एवढे ऐकून भुलू नका, पुढचा आकडा वाचा. इंटेलच्या 'आय-५ ८२५०' मध्ये सुरुवातीचा ८ म्हणजे आठवी पिढी, 'आय-३ १२१५' मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी. बाराव्या पिढीचा आय-३ आठव्या पिढीच्या आय-५ पेक्षा सहसा सरस चालतो. एएमडीच्या रायझनमध्ये ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा पाहा. '७५२०' मधला २ जुनी घडण दाखवतो, '७५३०' मधला ३ त्यानंतरची. दोन्हींच्या डब्यावर 'रायझन ५' असेच छापलेले असते. बैलाची शिंगे रंगवलेली असली तरी आपण दात पाहतोच ना? हे आकडे म्हणजे यंत्राचे दात.

पडद्यावर '१९२० गुणिले १०८०' असे लिहिलेले असावे. '१३६६ गुणिले ७६८' असेल तर अक्षरे फाटकी दिसतात आणि डोळे दुखतात. वजन दीड ते पावणेदोन किलोच्या आत असावे, कारण खुलताबादहून संभाजीनगरला एसटीने जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर ते रोज असणार आहे.

आपल्याकडची वीज ध्यानात घ्या

शहरातला माणूस बॅटरीचा विचार शेवटी करतो, आपण पहिल्यांदा केला पाहिजे. बॅटरीवर 'वॉट-तास' लिहिलेले असतात. लिखाणाच्या कामात यंत्र साधारण ८ ते १० वॉट खाते, म्हणजे ४२ वॉट-तासांची बॅटरी चार-पाच तास जाते. ४० च्या खालची बॅटरी गावात राहून शिकणाऱ्याच्या उपयोगाची नाही.

लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा कमी दाबाची फार चिंता नको. भीती अचानक वाढलेल्या दाबाची. लाईट आली, शिवारातल्या मोटारी एकदम सुरू-बंद झाल्या, की झटका बसतो. म्हणून अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडा, मध्ये स्पाईक गार्ड लावा आणि मृगाच्या गडगडाटात वायर काढून ठेवा. अडॅप्टर बिघडला तर रस्त्यावरचा शंभर-दोनशेचा आणू नका. लॅपटॉप आणि अडॅप्टर दोन्हींवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण सक्तीची आहे, ती पाहून घ्या.

पंचेचाळीस हजारांचा हिशोब

समजा, घरात बसून ठरले की ४५ हजारांच्या वर जायचे नाही. मग सगळे ४५ हजार यंत्रावर घालू नका. बियाण्यावर सगळे पैसे घातले तर खताला काय राहील? विभागणी अशी करा :

यंत्र : ३८,००० रुपये.
नक्कल ठेवायची बाहेरची डिस्क : ४,५०० रुपये.
बॅग, माऊस, स्पाईक गार्ड : १,५०० रुपये.
हाती शिल्लक : १,००० रुपये.

भावाप्रमाणे हजार-पाचशे इकडचे तिकडे होतील, पण डिस्कचे पैसे यंत्राकडे वळवू नका. त्याचे कारण पुढे येईलच.

आता 'स्वस्त' म्हणजे काय तेही पाहू. २८ हजारांचे तोकडे यंत्र दोन वर्षांत थकले तर महिन्याला १,१६७ रुपये पडले. ४२ हजारांचे नेटके यंत्र चार वर्षे चालले तर महिन्याला ८७५ रुपये. पहिले घेताना स्वस्त, वापरताना महाग. पण याचाच उलटा अर्थ काढून ७० हजारांचेही घेऊ नका. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला त्यातली निम्मी ताकद पडून राहते.

यंत्रासोबत विंडोज मूळ परवान्याचे आहे का, विचारा. 'डॉस'वाले यंत्र तीन-चार हजारांनी कमी सांगतात आणि मग त्यात चोरीचे विंडोज भरून देतात. त्याबरोबर व्हायरसही येतो. ऑफिसच्या पॅकेजचे वेगळे पैसे मागितले तर लिबरऑफिस फुकट आहे हे लक्षात असू द्या. विद्यापीठाच्या ई-मेलवर काही सवलत मिळते का, तेही विद्यार्थ्याने विभागात विचारावे. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाईप करावे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड अगोदरच असतो. जुन्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला, की गिचमिड होते. पीएच.डी.चा प्रबंध तर शोधगंगा या राष्ट्रीय संकेतस्थळावर संगणकीय प्रतीत द्यावा लागतो, तिथे युनिकोडच कामाला येतो.

पंचवीस हजारच असतील तर

तरी वाट बंद नाही. नवे निकृष्ट घेण्यापेक्षा जुने दर्जेदार घ्या. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात, ते दुरुस्त करून पुन्हा विक्रीला येतात. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक ही कार्यालयीन कामाची दणकट यंत्रे. त्यांची रॅम बहुतेक वेळा वाढवता येते आणि सुटे भागही मिळतात. मात्र घेताना चार गोष्टी तपासा.

एक, पिढी. विंडोज-१० ची मोफत साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज-११ अधिकृतपणे चालवायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. थिंकपॅडचा टी ४८० त्यात बसतो, त्याआधीचा टी ४७० बसत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सातव्या पिढीच्या यंत्रात 'विंडोज-११ टाकून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तसे यंत्र घरात आधीच असेल तर त्यावर लिनक्स घाला, आर आणि लिबरऑफिस दोन्ही त्यावर चालतात.

दोन, बॅटरी. दुकानदाराला 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता, असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा, नाहीतर किंमत उतरवा.

तीन, कुलूप. यंत्र बंद करून सुरू करायला लावा. सुरुवातीलाच जुन्या कंपनीचा पासवर्ड मागत असेल तर ते घेऊ नका.

चार, पक्के बिल. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक हवा. बिल नसलेले यंत्र चोरीचे निघाले तर निस्तरायला तुम्हीच.

नव्या यंत्रालाही बिलाचा नियम तोच. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ३८ हजारांच्या किमतीत सुमारे ५,८०० रुपये कराचेच असतात. "बिल नको असेल तर दोन हजार कमी" असे कोणी म्हटले तर कर बुडवून जास्तीचा फायदा त्याचा, आणि गॅरंटी गेली ती तुमची. यंत्र सदोष निघाले आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

पैसा कुठून आणायचा

'बिनव्याजी हप्ता' हा शब्द ऐकला, की थांबा. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवले होते, कारण व्याज कुठेतरी दडवलेले असते. रोखीने घेतल्यास किती सूट, हे आधी विचारा. मग हप्त्यात प्रक्रिया शुल्क किती, ते विचारा. सोडावी लागणारी सूट अधिक शुल्क, हेच तुमचे खरे व्याज.

पीककर्जातून लॅपटॉप घेऊ नका. ते कर्ज हंगामात फेडायचे असते, लॅपटॉप हंगामात पैसे देत नाही. २०२३ साली अद्रकीचा भाव पाहून अनेकांनी मोठे खर्च काढले आणि पुढे भाव उतरला, हे आपल्या तालुक्याने पाहिले आहे. सावकाराचे तर नावच नको.

शैक्षणिक कर्ज काढणारच असाल तर बँकांच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाची वाजवी किंमत धरता येते आणि ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. पण अर्ज भरतानाच खर्चाच्या तक्त्यात लॅपटॉप लिहा, दुकानाचे कोटेशन आणि विभागप्रमुखांचे पत्र जोडा. कर्ज मंजूर झाल्यावर आठवण झाली तर कागद पुन्हा फिरवावे लागतात. स्वाधार योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचाही लाभ ज्यांना लागू आहे त्यांनी जरूर घ्यावा. मात्र ते पैसे राहण्या-जेवणासाठी असतात. ते येतील या भरवशावर लॅपटॉपची उधारी करू नका.

एक गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या पात्र घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. घरात शिकणारे दोघे असले, की नवा लॅपटॉप मुलाला आणि मुलीने मोबाईलवर भागवायचे, असे घडताना दिसते. मोबाईलवर प्रबंध लिहून होत नाही. सवलतीमुळे तिचे जे पैसे वाचले, ते तिच्याच लॅपटॉपला लावा. उपकार म्हणून नव्हे, तिच्या हक्काचे म्हणून लावा. स्पर्धा परीक्षेसाठी कोणाला टॅब मिळालेला असेल तर तो वाचायला, व्याख्याने ऐकायला चांगला, पण लॅपटॉपची जागा तो घेत नाही.

ग्रामपंचायत आणि गावातले अधिकारी

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि महसूल अधिकारी, आपले तलाठी अण्णा, यांनाही दोन शब्द. शिष्यवृत्ती असो की कर्ज, पहिला कागद उत्पन्नाच्या दाखल्याचा. तो वेळेत निघाला नाही तर महाडीबीटीची तारीख निघून जाते आणि त्याचा भुर्दंड पोराला बसतो. प्रवेशाच्या दिवसांत या अर्जांना पुढे घ्या. दुसरे, गावात अभ्यासिका असेल तर तिथे अर्थिंगचे सॉकेट, इन्व्हर्टर, इंटरनेट आणि एक प्रिंटर एवढी सोय करता येते का, ते ग्रामसभेत मांडा. दहा पोरांना दहा प्रिंटर घ्यायला लावण्यापेक्षा गावाचा एक बरा.

यंत्र गेले तर आणता येते, काम गेले तर नाही

आता डिस्कचे कारण. लॅपटॉप हरवला, चोरीला गेला, त्यावर चहा सांडला, तर चाळीस हजारांचे नुकसान. ते मोठेच. पण दोन हंगाम वाफ्यात बसून घेतलेल्या नोंदी त्यातच असतील आणि दुसरीकडे कुठेच नसतील, तर तो हंगाम पुन्हा येत नाही. पेरलेले पीक पुन्हा उगवायला वर्ष जाते, आणि वर्ष वाया गेले की शिष्यवृत्ती, वसतिगृह, लग्नाची बोलणी, सगळेच लांबते.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हाताने कागद होत आला. तो जुना कागद पिढ्यान् पिढ्या टिकतो. लॅपटॉपमधला मजकूर एका झटक्यात जाऊ शकतो. म्हणून आपण बियाणे जसे एकाच कणगीत ठेवत नाही, तसे प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवायला मुलांना सांगा. एक लॅपटॉपमध्ये, एक घरच्या डिस्कवर, एक इंटरनेटवर. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, लिखाणाला आणि आकड्यांना ती पुरते. दर रविवारी फोनवर "जेवलास का?" विचारता, त्यासोबत "नक्कल काढलीस का?" हेही विचारा.

खिशात ठेवायची यादी

१. विभागाकडून लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा कागद.
२. रॅम ८ जीबी किंवा जास्त, वाढवायला जागा.
३. एसएसडी ५१२ जीबी. ईएमएमसी नको.
४. प्रोसेसरचा पूर्ण आकडा, नुसते नाव नाही.
५. पडदा १९२० गुणिले १०८०, बॅटरी ४० वॉट-तासांच्या वर.
६. विंडोज मूळ परवान्याचे.
७. कंपनीचे सेवा केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे का, गॅरंटी किती वर्षांची.
८. अनुक्रमांकासह पक्के बिल.
९. नकलेसाठी वेगळी डिस्क.

दुकानात जाताना मुलाला किंवा मुलीला सोबत न्या आणि बोलू द्या. यंत्र त्यांना वापरायचे आहे. तुम्ही फक्त ठरलेल्या आकड्यावर पाय रोवून उभे राहा. आणि एकाच दुकानावर सौदा करू नका. अद्रकीचा भाव आपण दोन व्यापाऱ्यांना विचारतो, तसा हाही दोन ठिकाणी विचारा. दोन-तीन तास जादा जातील, पण तीन-चार वर्षे चालणाऱ्या वस्तूला तेवढे दिलेच पाहिजेत.